पेटीतला बारीक आवाज

माय, नव्या घरात गाण्याची मशीन घेतली, त्याचं तुला सांगायचं आहे. तू म्हणशील, इतक्या वर्षांनी आठवण झाली ती मशीनपायी. झाली खरी. तू गेल्यापासून मी तुझ्यासाठी कधी कागद हातात धरला नाही. माझं लिहिणंही चौथीपर्यंतचंच, ते तुला ठाऊक आहे, कारण चौथीनंतर दप्तर तूच खुंटीवरून काढून बहिणीला दिलं होतंस. पण हे दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. तुला जिवंतपणीही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे आता सांगितलं काय आणि तेव्हा सांगितलं असतं काय, मला सारखीच मेहनत पडते.

घर नंदनवनला बांधलं. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढे बसायला ओटा. गिलाव्याचा ओला वास अजून जात नाही. तुझा जावई अजून कंडक्टरच आहे, वस्तीची गाडी घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येतो. त्याला लग्नाआधीपासून सिनेमाचं वेड, ते तू पाहिलंच होतंस, साखरपुड्याच्या दिवशी तो उशिरा आला होता तो सिनेमाच्या टाकीतूनच. त्याची एकच हौस राहिली होती. स्वतःच्या घरात खुर्चीवर बसायचं आणि टाकीत बसल्यासारखा आवाज दोन्ही बाजूंनी यायचा. टीव्ही आम्ही मागच्या वर्षी घेतला, काळापांढरा. त्याचा आवाज म्हणजे डब्यात माशी अडकल्यासारखा. हा म्हणायचा, याचा आवाज अँप्लिफायरमध्ये घालू, तिथून दोन मोठ्या पेट्यांत काढू, त्यावरच कॅसेटही वाजेल. कंपनीचा सेट आम्हाला झेपणारा नव्हता. मग बर्डीवर बाजारातल्या एका गल्लीत असेंबल करून देणारं दुकान सापडलं. अँप्लिफायर तो दुकानदार स्वतः जोडतो, पेट्या सुतार बनवतो, प्लायच्या, वरून काळं रेक्झिन, पुढे जाळीचं कापड. हा तिथे तीनदा एकटा जाऊन आला आणि चौथ्यांदा मला आणि पोरीला घेऊन गेला, कारण आमच्या घरात कोणतीही वस्तू मी हो म्हटल्याशिवाय येत नाही.

त्याआधी एक सांगते, नाहीतर पुढचं तुला कळायचं नाही. मला बारीक आवाज येईनासा झाला आहे. तुझं कसं सुरू झालं ते तू कधी सांगितलं नाहीस. माझं असं झालं की कुकरच्या शिट्या मोजता येईनात. मला वाटलं कुकर बिघडला. रबर बदललं, शिटी बदलली. मग एके दिवशी पोरगी आतून धावत आली आणि गॅस बंद करून म्हणाली, "आई, पाच झाल्या, काय करून राहिली?" मी कुकरसमोरच उभी होते. तेव्हापासून मी शिटी ऐकत नाही, वाफ पाहते. जाडे आवाज येतात. ट्रक येतो, भांडं पडलेलं येतं, याचं बोलणं येतं कारण हा बसमध्ये ओरडून ओरडून घरीही ओरडतोच. पोरीचं बोलणं अर्धं येतं, तोंड दिसलं तर पूर्ण येतं. तुझ्याच मिलमध्ये, मशीनींच्या त्याच आवाजात, तुझ्याच रिळाच्या खात्यात, तुझ्याच जागेवर मी लागले, तेव्हा हे व्हायचंच होतं. मला त्याचं रडू आलं नाही. काही वाटलंच नाही म्हण. मिलमध्ये ऐकण्याची गरजच पडत नाही. ओठ वाचायचे, दोन बोटं कपाळाला लावली की मुकादम आला, छातीवर हात फिरवला की जिचं बाळ अंगावर पितं तिला सोडा. ते सगळं मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी घरीच शिकले होते, तुझ्यामुळे. खात्यात पहिल्या दिवशी बायका म्हणाल्या, हिला शिकवायची गरज नाही, ही आधीच मुकी बोलते.

पण घर म्हणजे मिल नाही. घरात तुझं काय झालं ते मी पाहिलं आहे. बाबा भिंतीकडे तोंड करून जेवायचे आणि जेवता जेवता बोलायचे. ते मुद्दाम करत नसत. त्यांना तशी सवय होती एवढंच. तू वाढता वाढता विचारायचीस, "काय म्हणते?" आणि कोणीतरी म्हणायचं, "काही नाही." माझ्या लग्नाचं बोलणं झालं तो दिवस तुला आठवत असेल. आठ-दहा माणसं पुढच्या खोलीत बसली आहेत, तू पोहे करते आहेस, प्लेटा नेऊन देते आहेस, रिकाम्या परत आणते आहेस. सगळं तुझ्या समोर ठरलं. मुलगा कोणता, तारीख कोणती, मांडव कोणाकडे. एकानेही मान वर करून तुझ्याकडे तोंड केलं नाही. मग मोठ्या काकांनी तुझ्या हातावर साखर ठेवली, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस आणि आवाज न काढता ओठांनी विचारलंस, "कोणाची?" मी ओठांनीच सांगितलं, "माझी." तू साखर तोंडात टाकलीस आणि चुलीकडे गेलीस. माझी पोरगी आता सतरा पूर्ण झाली आहे. कळमेश्वरच्या एका घराचं नाव तिच्या काकाने दोनदा काढलं आहे, तेही ओट्यावर, हळू आवाजात. मी भांडी घासत होते. मला पोरीनेच नंतर सांगितलं. मला माझ्या घरात हातावर ठेवलेल्या साखरेवरून काही कळून घ्यायचं नाही. एवढंच आहे, माय, बाकी कान गेले तर गेले.

तर त्या दुकानात. भिंतभर पेट्या एकावर एक रचलेल्या, सगळ्यांच्या मागे तारा लोंबताहेत. दुकानदार जाडा, हसरा, कानामागे टेस्टर लावलेला. त्याने आम्हाला बाकावर बसवलं आणि समजावलं की पेटीत खाली मोठा स्पीकर असतो, तो ढोलकी, दणका असले आवाज काढतो, आणि वर छोटा असतो त्याला ट्वीटर म्हणतात, तो झांज, बांगडी, असले बारीक आवाज काढतो. ट्वीटर घेतला तर थोडे जास्त पडतील. नाही घेतला तरी मशीन वाजते. त्याने कॅसेट लावली आणि एका खटक्यावर बोट ठेवलं.

"ताई, ऐका. हे ट्वीटर चालू. आणि हे बंद. समजला फरक?"

"झांज गेली," पोरगी म्हणाली.

"साफ गेली ना गा," हा म्हणाला. "जसा काही कोणी फडका टाकला वरून."

दुकानदाराने पुन्हा खटका दाबला, पुन्हा काढला. मी त्याच्या बोटाकडे पाहत होते. बोट हललं की माझ्या माणसाचा चेहरा उजळायचा, परत हललं की पडायचा. मला दोन्ही वेळा तेच ऐकू येत होतं, धुम् धुम् आणि वर कोणीतरी माणूस गाऊन राहिला. तेव्हा मला कळलं की मोठ्या पेटीच्या समोर बसूनही मला येणार नाही. तोवर मला वाटत होतं की लहान आवाज येत नाहीत, मोठे केले तर येतील. दुकानदार माझ्या तोंडाकडे पाहून राहिला होता. म्हणाला, "ताई काही बोलून नाही राहिल्या."

मी म्हटलं, "मले तर दोन्ही सारखंच वाटते. काहून जास्तीचे द्यायचे? हे तुमचे काढायचे धंदे."

तो खो खो हसला. "घ्या. ताईंसमोर माहं काही चालत नाही."

"नाहीच चालत," तुझा जावई म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता, तो मला नीट आला. "मडकं घ्यायचं तर दहा मडके ठोकून पाह्यते ही. आवाजावरून चीर सांगते. हिच्या कानाले कोणी फसवलं नाही आजपर्यंत. ती म्हणते फरक नाही, तर नाही." पोरगी म्हणाली, "पण बाबा, आहे ना फरक." तो म्हणाला, "असन थोडासा. तुही माय पैसा पाहून राहिली, बरोबर हाय तिचं, घर आत्ताच झालं." आणि पेट्या ट्वीटर न लावता बांधून घेतल्या. जिथे ट्वीटर बसतो तिथे सुताराने भोक पाडलंच नाही. सायकल रिक्षात दोन पेट्या, मांडीवर अँप्लिफायर, आणि हा रिक्षाच्या बाजूने सायकल चालवत, एक हात पेटीवर ठेवून. मी रस्त्याकडे पाहत बसले. त्याला वाटलं मला भाव पटला नाही.

तुला आपला रेडिओ आठवतो का? बाबांनी कोणाकडून तरी जुना आणला होता, चालू केला की आधी तापायचा आणि मग बोलायचा. पाळीवरून आलीस की पाय धुऊन तू त्याच्यासमोर मांडी घालून बसायचीस, कापसाचे धागे अजून केसांत, आणि मला समोर बसवायचीस. माझं काम काय, तर रेडिओ जे बोलतो ते तोंडाने तुला दाखवायचं. गाणी मला जमायची. पण नाटकं लागली की मला कंटाळा यायचा. चार जणं मिळून अर्धा तास बोलतात, रडतात, दार वाजतं, पाऊस पडतो. मी शेवटी एकदाच सांगायचे, "सासू वाईट हाय." तू थांबायचीस. "इतका वेळ तेच?" मी म्हणायचे, "तेच." एकदा तू चिडलीस. म्हणालीस, "पोरी, ती बाई एवढं घसा फोडून बोलली, तिच्या मानेच्या शिरा दिसतीन इतकं, आणि तू मले दोन शब्द देतेस. बाकीचे काय तू खाल्ले?" रेडिओतल्या बाईची मान तुला कुठून दिसली कोण जाणे. मी हसले, तू मला लाटणं फेकून मारलंस, लागलं नाही. लोक म्हणतात मी तोडून बोलते, सासरी तर पहिल्या वर्षी नाव पडलं होतं भांडखोर. मी भांडत नव्हते. तुझ्यासोबत लांब वाक्य चालत नव्हतं, अर्ध्यातच तू मान वळवायचीस, म्हणून मी सगळ्यांशीच तसं बोलते. मोठ्याने आणि थोडं.

आणि ते जोडवे. माझ्या लग्नाआधी तू बोनसच्या दिवशी घुंगराचे जोडवे घेऊन आलीस. मी म्हटलं, तुला तर येत नाही आवाज, काहून आणले? तू म्हणालीस, "मले नाही येत. घरच्यायले येईल. पोरगी घरात कुठं हाय ते समजते." लग्नानंतर सासूने एका आठवड्यात काढायला लावले, डोकं उठते म्हणाली.

पेट्या घरी आल्या तर याने दोन कोपऱ्यांत दोन स्टुलं ठेवली, त्यावर पेट्या, मधे टीव्ही, खाली अँप्लिफायर. सकाळी बुद्धवंदनेची कॅसेट लावली. रविवारी दुपारी त्याने भाड्याने व्हीसीआर आणला आणि शेजारच्या दोन घरांना बोलावलं. चहा, चिवडा, खाली सतरंजी. सिनेमा सुरू झाला आणि मला फार चांगलं वाटलं, कारण आवाज जमिनीतून पायात येत होता. बाकीच्यांचे चेहरे मी पाहिले नाहीत. थोड्या वेळाने शेजारची बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "आवाज दणदणीत हाय वं, पण ते काय बोलून राहिले ते समजत नाही. हौदात उभे राहून बोलल्यासारखं." तिचा नवरा म्हणाला, "सर्दी झालेल्या माणसाले ऐकून राहिल्यासारखं हाय." सगळे हसले. हाही हसला. उठून बटण फिरवलं, परत बसला, परत उठला. संपेपर्यंत तो बटणापाशीच होता. लोक गेल्यावर मला म्हणाला, "नवीन हाय ना. पेटी मुरली पाहिजे. लोणच्यासारखं." मला एका शब्दाने काही बोलला नाही. रोज ड्यूटीवरून आला की वर्दी न काढता आधी कॅसेट लावतो, उकिडवा बसतो, बटण इकडे करतो, तिकडे करतो, कान पेटीला लावतो. मग बंद करून जेवायला बसतो. हे मला पाहवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी पाहत होते. रोज पाहत होते, पोळी लाटता लाटता.

काल माझी सुट्टी होती आणि तो भिवापूरच्या वस्तीला गेला होता. मी रिक्षा बोलावली, दोन्ही पेट्या एकटीने उचलून घातल्या आणि बर्डीवर गेले. दुकानदाराने पाहिलं आणि टेस्टर कानामागून काढला. "काय झालं ताई?" मी म्हटलं, "ते लहानवाले बसवून द्या." तो म्हणाला, "तेव्हा तर तुम्हीच नाही म्हटलं होतं." मी म्हटलं, "आता हो म्हणून राहिली. भोकं पाडा." त्याने वर गोल कापलं, भुसा उडाला, ट्वीटर बसवले, मागून तारा जोडल्या, कॅसेट लावली. "ऐका," तो म्हणाला. "आता झाली ना गोष्ट. झांज कशी येऊन राहिली." मी पेटीकडे पाहिलं. एरवी मी त्याला दोनदा खोलायला लावलं असतं, मागची तार ओढून पाहिली असती, कमी करायला लावलं असतं. काल मी मान हलवली आणि पेट्या रिक्षात घातल्या. रस्त्याने मला एवढंच वाटलं की मडकी आता मी कशी घेणार.

पोरगी कॉलेजातून आली तर तिला पेट्यांवरची नवी भोकं आधी दिसली. ती कॅसेट लावायला बसली. उजव्या पेटीजवळ गेली, डावीजवळ गेली, परत उजवीकडे. मग तोंड माझ्याकडे वळवून म्हणाली, "आई, डाव्यातला वाजत नाही."

"वाजते."

"नाही वाजत. तू दुकानात ऐकून नाही आणलं?"

"ऐकलं ना."

"मग?"

मी भाजी निवडत होते. देठ एका बाजूला, पाला एका बाजूला. मी म्हटलं, "मले नाही येत तो आवाज. डाव्यातलाही नाही आणि उजव्यातलाही नाही. तिथं दुकानात पहिल्या दिवशीही नव्हता आला."

माझ्या पोरीला तू फक्त तान्ही पाहिलंस, तिचं तोंड तुझ्यासारखंच आहे, राग आला की नाक आधी लाल होतं. काल लाल झालं नाही. ती वळली, डाव्या पेटीची मागची फळी काढली, सुटलेली तार दातांनी सोलली, पिळून बसवली, फळी लावली. कॅसेट पुन्हा लावली आणि सवयीने म्हणाली, "आता?" आणि तोंड मिटलं. मी भाजी धुवायला उठले. ती माझ्यामागे आली नाही.

तो आता दुपारी येईल. आल्या आल्या कॅसेट लावेल आणि त्याला कळेलच. कोणी केलं विचारेल, मी सांगेन मी केलं. काहून नाही म्हटलं होतं असं विचारेल, त्याचं अजून ठरलं नाही माझं. पोरीला मी म्हणणार होते की बाबांना काही बोलू नको. म्हटलं नाही. तिने सांगितलं तर सांगू दे. मिलमध्ये मात्र मी आपणहून सांगणार नाही, तिथे अर्धं खातं माझ्यासारखंच आहे आणि कोणीच सांगत नाही.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, तुझा पत्ता मला कोण देणार. दोन्ही पेट्यांच्या खाली घड्या घालून ठेवते, एक स्टूल तसंही डुगडुगतं. रिकामी बसले होते म्हणून लिहिलं असं समज. फक्त एक राहिलं. काल संध्याकाळी मी चुलीपाशी होते, गॅस संपला म्हणून जुनी चूल काढली होती. पोरगी पुढच्या खोलीतून उठून आली, माझ्या पाठीमागून बोलली नाही, वळसा घालून समोर आली, खाली बसली, आणि ओठ नीट उघडून म्हणाली की काका परवा पुन्हा येणार आहेत, त्या कळमेश्वरवाल्यांना घेऊन, आणि तिला अजून लग्न करायचं नाही, बारावीची परीक्षा द्यायची आहे. एवढं लांब मला बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. मला पहिल्याच वेळी सगळं समजलं होतं. तरी मी म्हटलं, पुन्हा सांग.